जागच्या जागी उभं राहायचं बटण

शाळेत संगणक आला तेव्हा त्याला टेबल मिळालं, समोर गादीची खुर्ची मिळाली, डोक्यावर स्वतंत्र पंखा मिळाला आणि अंगावर घालायला फुलाफुलांच्या छिटाचा झगासुद्धा शिवून मिळाला. मथुरेला त्याच शाळेत शिपाईण म्हणून नऊ वर्षं झाली होती आणि तिला मिळालं होतं एक लाकडी स्टूल, तेही दाराबाहेर. याचं तिला फार दुःख होतं असं कुणी समजू नये. दुःख करत बसायलाही निवांतपणा लागतो आणि मथुरेच्या दिवसात तो नव्हता. घंटा द्यायची, नोटिशीची वही घेऊन बारा वर्ग फिरायचे, मुख्याध्यापिका सुमेधाबाईंचं दार सांभाळायचं, शिक्षकांना चहा द्यायचा, संध्याकाळी सगळ्या खोल्यांना कुलपं घालायची. नऊ वर्षांत तिने घंटा एकदाही उशिरा दिली नव्हती. रस्त्यापलीकडचे दोन दुकानदार तिच्या घंटेवर आपली घड्याळं लावत.

ती मूळची लांज्याकडची. नवरा केरू याच शाळेत शिपाई होता. तो काविळीने गेला आणि वर्षाच्या आत शाळेने त्याच्या जागी तिला घेतलं, कारण ती सातवी पास होती आणि कुणाला घाबरत नव्हती. पहिली गोष्ट दाखल्यावर लिहिलेली होती. दुसरी सुमेधाबाईंनी तिला समोर उभं करून स्वतः पाहिली होती.

नोकरीचा कागद हातात पडला तेव्हा तिने काय केलं, ते शाळेत अजून सांगतात. भाऊ भागोजी गावाहून यायचा आणि म्हणायचा, माहेरी चल, लावणीला हात कमी पडतात. दीर रघू मुंबईहून यायचा आणि म्हणायचा, आमच्या खोलीत आम्ही बारा जण राहतो, आमचं रांधायला चल. दोघांनाही तिची काळजी वाटत होती आणि दोघांच्याही काळजीत तिच्यासाठी भरपूर काम होतं. एक गेला की पंधरा दिवसांनी दुसरा हजर. मथुरा कुणाशी भांडली नाही. तिने दोघांना पत्रं घातली आणि एकाच रविवारी, एकाच वेळेला, कोंबडीची सागुती आणि वडे जेवायला बोलावलं.

भाऊ म्हणाला, बहीण आमची. दीर म्हणाला, सून आमची. पहिला वडा संपायच्या आत दोघं एकमेकांवर असे घसरले, की मथुरेला काही विचारायचं राहूनच गेलं. ती वाढत राहिली. चारच्या सुमाराला एक लांज्याच्या एसटीत चढला, दुसरा मुंबईच्या, आणि दोघांपैकी कुणी पुन्हा तो विषय काढला नाही. सोमवारी सकाळी तिने पहिली घंटा वेळेवर दिली.

"मी काय केलं नाय," ती नंतर शिक्षकांना चहा देताना म्हणाली. "जागची हलले पन नाय."

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं, की पुढे तिने संगणकावर जे काही केलं त्याने सगळ्यांना नवल वाटलं. नवल वाटायचं काही कारण नव्हतं.

संगणक आला तो शहाऐंशी सालच्या जूनमध्ये. शिवणाची खोली रिकामी करून त्याला दिली. चपला बाहेर, ओलं फडकं आत न्यायचं नाही, खिडक्या बंद, कारण समुद्राचा खारा वारा यंत्राला मानवत नाही, असे नियम दारावर लागले. त्याचं सगळं श्याम सरांकडे होतं. सर गणिताचे. त्यांना शाळेने पंधरा दिवस मुंबईला शिकायला पाठवलं होतं आणि येताना ते एक जाड वही, दोन फ्लॉप्या आणि चांगलीच सर्दी घेऊन आले होते. राहायचे भाट्याला. शाळा सुटायची साडेपाचला आणि त्यांची बस सहाची. हा मधला अर्धा तास ते संगणकाच्या खोलीत काढायचे. टेबलावर कागदात चुरमुरे आणि समोर एक खेळ. नियमात चुरमुरे बसत नव्हते, पण नियम सरांनीच लिहिले असल्यामुळे त्यांना कोण बोलणार. खोलीला कुलूप घालायचं मथुरेकडे होतं. म्हणून तोवर ती उघड्या दाराशी स्टुलावर बसायची आणि आत बघायची.

खेळ तसा साधा होता. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचं चौकोनी अंगण. त्यात एक बारकासा माणूस, म्हणजे आपण. बाकी सगळीकडे फुल्या फुल्या, ते यंत्रमानव. सर त्यांना रोबो म्हणत. आपण एक पाऊल टाकलं की सगळे रोबो एकेक पाऊल टाकत, आपल्याच दिशेने. आपण थांबलो तर तेही थांबले असं नाही. आपली पाळी झाली की त्यांची पाळी. एखादा येऊन भिडला की आपण मेलो. पण दोन रोबो एका घरात आले तर ते एकमेकांवर आदळून मोडत आणि तिथे भंगाराचा ढीग पडे. त्या ढिगावर तिसरा कुणी आला तर तोही मोडे. सगळे मोडले की डाव जिंकला. पहिल्या डावात दहा रोबो, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात तीस. आपल्या हातात हत्यार काही नाही, नुसते पाय.

बटणांचंही सोपं होतं. इंग्रजी एस या अक्षराभोवती आठ बटणं आहेत, त्या आठ दिशा. मधलं एस दाबलं की जागच्या जागी उभं राहायचं. आणि अगदीच कोंडी झाली तर टी दाबायचं, म्हणजे आपली उडी पडायची. ती कुठे पडेल ते मात्र यंत्राच्या मर्जीवर. कधी मोकळ्या कोपऱ्यात, कधी थेट एखाद्या रोबोच्या पुढ्यात.

गणिताचा माणूस, पण या खेळात श्याम सर घायकुतीला येत. रोबो जवळ दिसला की पळत, पळताना दुसरा दिसला की उलटे पळत, आणि मग टी. दुसऱ्या डावापुढे ते कधी गेले नाहीत. मथुरेने पंधरा दिवस हे पाहिलं. सोळाव्या दिवशी तिच्याने राहवेना.

"सर, एस दाबा," ती स्टुलावरून म्हणाली.

सर दचकले. "काय?"

"मधलं बटण. हलू नका. ते वरचा आनि खालचा आपापसात आपटतील."

"अहो मथुराबाई, उभा राहिलो तर खातील मला," सर म्हणाले आणि त्यांनी टी दाबलं. उडी पडली ती एका रोबोला खेटून. डाव आटोपला. सरांनी चुरमुऱ्यांचा कागद चुरगळला आणि बस पकडायला गेले.

दुसऱ्या दिवशी मथुरा काही बोलली नाही. सर दोनदा मेले, तिसऱ्यांदा मरायला टेकले आणि मान न वळवता म्हणाले, "आज गप्प का?"

"काल ऐकलं नाय तुम्ही."

"बरं, आज ऐकतो. सांगा."

"दोन पावलं वर जावा. आता ते दोघं बगा, एक तुमच्या जेवढा वर, तेवढाच दुसरा खाली. तुम्ही मधल्या ओळीत आलाव. आता एस. परत एस."

वरचा तिरका खाली आला, खालचा तिरका वर आला, आणि सरांपासून चार घरं अलीकडे दोघं एकमेकांवर आदळून ढीग झाले. मागून तिसरा त्याच ओळीत सरळ येत होता, तो त्या ढिगावर आपटला. श्याम सर त्या दिवशी पहिल्यांदा तिसऱ्या डावात गेले आणि त्यांची बस चुकली.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कोंबड्यांनी," मथुरा म्हणाली. परटवण्याच्या तिच्या खोलीमागे तिने चार कोंबड्या पाळल्या होत्या. "मी कण्या घेऊन उभी ऱ्हायले की चारी बाजूनी धावत येतात. सरळ नाकासमोर. वळसा घालून यावं हे कोंबडीला सुचत नाय. मधी कोंबड्या झाकायचं डालगं ठेवलं तर डालग्यावर आपटतात. यांचं तसंच हाय, सर. हे सगळे तुमच्याकडं बगून धावतात. एकमेकांकडं कोन बगत नाय."

सरांनी खडू घेतला, फळ्यावर चौकटी आखल्या, दोन फुल्या आणि एक गोल काढला आणि तिचं म्हणणं रीतसर सिद्ध केलं. सिद्ध झाल्यावर त्यांना ते पटलं. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवून तिला म्हटलं, बसा, आता तुम्ही खेळा.

मथुरेने खेळायला हो म्हटलं, बसायला नाही. "ती खुर्ची तुमची. माझी मिळंल तवा बसेन," ती म्हणाली आणि उभ्याउभ्याच, एक हात टेबलावर टेकून, खेळली.

महिनाभरात ती पाचव्या डावापर्यंत पोचली. तिची रीत ठरून गेली होती. सुरुवातीला घाई करायची नाही, मुकाट्याने एका कडेला चालत राहायचं, म्हणजे चारी बाजूंना पसरलेले सगळे मागे येऊन एका घोळक्यात गोळा होतात आणि घोळक्यात त्यांचे ते मोडतात. पहिला ढीग पडला की तो आपला. तो कायम आपल्या आणि त्यांच्या मध्ये ठेवायचा. दोन बाजूंनी दोघे आले तर मधली ओळ गाठायची, पण लांबून. अगदी अंगाशी आल्यावर ती युक्ती चालत नाही. आणि उडी शक्यतो मारायचीच नाही. उडी म्हणजे आपलं नशीब यंत्राच्या हवाली करणं, आणि ते मथुरेच्या स्वभावात नव्हतं.

सप्टेंबरात प्रयोगशाळेचे जुने परिचर निवृत्त झाले. नव्या परिचराकडे प्रयोगशाळा आणि संगणक दोन्ही राहणार होतं. परिचराला घंटा द्यावी लागत नाही, चहा न्यावा लागत नाही. त्याचं काम म्हणजे यंत्रं, काचेची भांडी आणि त्यांच्या किल्ल्या. आणि परिचराला खुर्ची असते. मथुरेने अर्ज लिहिला, सरांकडून शुद्ध करून घेतला आणि सुमेधाबाईंच्या टेबलावर ठेवला. तिला ती जागा हवी होती. तिने आयुष्यात फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या आणि ही त्यांतली सगळ्यांत मोठी होती. आपल्याला ती जमेल याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

दुसरा अर्ज आला खेडहून. तो माणूस मॅट्रिक होता आणि संस्थेत कुणाच्या तरी ओळखीचा होता.

"दसरा झाला की गुरुवारी दोघांच्या मुलाखती," सुमेधाबाईंनी सांगितलं. "पण त्याच्या आधी मंगळवारी मुंबईहून साहेब संगणक पाहायला येणार आहेत. यंत्र नीट ठेवलेलं दिसलं नाही तर ते उचलून दुसऱ्या शाळेला देतील. मग परिचर कसला आणि मुलाखत कसली. खोली अशी ठेवा की बोट ठेवायला जागा नको."

मथुरेने खोली तशी ठेवली. आणि मग आला दसरा.

दसऱ्याला शाळेतल्या एकूण एक वस्तूची पूजा व्हायची. पाटीवर सरस्वती काढायची, पण तिच्याबरोबर घंटा, शिवणाची यंत्रं, प्रयोगशाळेतला तराजू, सायक्लोस्टाइलचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. हे सगळं मथुरेच्या हातचं. संगणकाचं मात्र श्याम सरांनी बजावून सांगितलं होतं. हळद नको, कुंकू नको, पाणी नको, उदबत्ती नको. एक फूल, तेही टेबलावर.

मथुरेने सरांचा शब्द अक्षरशः पाळला. यंत्राला हळद लागली नाही, कुंकू लागलं नाही, पाण्याचा थेंब नाही की धुराची रेघ नाही. अक्षतांचं नाव सरांनी घेतलं नव्हतं. सर सुमेधाबाईंना सोनं द्यायला गेले तेव्हा तिने फुलाकडे बघितलं आणि तिला ते फारच उघडंबोडकं वाटलं. एवढं मोठं यंत्र, सायक्लोस्टाइलला जे मिळालं तेही याला नाही? तिने कुंकू लावलेल्या चार अक्षता बटणांवर वाहिल्या, हात जोडले, आणि लगेच वेचून घेतल्या. तीन सापडल्या. चौथी खाली पडली असणार म्हणून तिने फरशी झाडली, झगा घातला, कुलूप लावलं. मंगळवारपर्यंत ती खोली कुणी उघडली नाही.

मंगळवारी अकराला साहेबांची जीप आली. बोनेटवर झेंडूचा मोठा हार, दोन दिवसांत जरा सुकलेला. साहेब पन्नाशीचे, हातात डायरी. सुमेधाबाई नव्या साडीत. श्याम सरांनी कडक इस्त्री केली होती आणि त्यांच्या शर्टाच्या काखा आधीच भिजल्या होत्या. मथुरा दाराशी उभी होती.

सरांनी संगणक सुरू केला आणि पहिला हुकूम लिहायला घेतला. पाच अक्षरांचा शब्द, शेवटचं अक्षर टी. चार उमटली. पाचवं उमटलं नाही. सरांनी पुन्हा दाबलं. बटण खालीच जाईना.

चौथी अक्षता कुठे गेली ते मथुरेला त्या क्षणी कळलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"परवापर्यंत चालत होतं," सर म्हणाले.

"परवापर्यंत सगळंच चालत असतं. चिपळूणची एक शाळा हे यंत्र मागते आहे." साहेबांनी डायरी उघडली. "दुसरं काही दाखवता येतं का?"

टीशिवाय सरांचा एकही कार्यक्रम चालणारा नव्हता. राहिली खेळाची फ्लॉपी. ती घालून दोन बटणं एकदम दाबली की खेळ आपोआप सुरू व्हायचा, लिहावं काही लागत नसे. सरांनी ती घातली. पडद्यावर अंगण आलं, फुल्या आल्या. सरांनी बटणांवर हात ठेवला आणि परत घेतला. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं.

"हा खेळ मथुराबाई दाखवतील," ते म्हणाले.

"शिपाईण?" साहेब म्हणाले. सुमेधाबाईंच्या भुवया वर गेल्या त्या खाली यायला वेळ लागला.

मथुरा पुढे झाली. चूक आपली आहे, हे तिला ठाऊक होतं. हेही ठाऊक होतं, की यंत्र गेलं तर जागाही गेली. पण हात बटणांवर ठेवले आणि ती स्वस्थ झाली. समोर दहा कोंबड्या होत्या, आणखी काही नव्हतं.

पहिला डाव तिने बोलत बोलत संपवला. साहेब विचारत होते, ती सांगत होती. हे कुठे जातात? जिकडं आपन जाऊ तिकडं. यांना अक्कल आहे का? नाय साहेब, नुसती घाई हाय. मग आपण काय करायचं? त्यांना एकत्र येऊ द्यायचं. दुसऱ्या डावात साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. तिसऱ्या डावात त्यांनी डायरी मांडीवर पालथी ठेवली.

तिसऱ्या डावाच्या शेवटी तीन रोबो राहिले आणि मथुरा डाव्या भिंतीला लागली. एक उजवीकडून वरच्या अंगाने, एक उजवीकडून खालच्या अंगाने, एक लांब मागे. जवळपास एकही ढीग नाही.

"आता उडी मारा," साहेब म्हणाले. एव्हाना त्यांना नियम पाठ झाले होते.

"उडीचं बटण तेच हाय, साहेब. जे चालत नाय ते."

"मग मेलात."

"बगू या," मथुरा म्हणाली.

ती भिंतीच्या कडेने एक घर वर गेली. तिने मोजलं. वरचा तीन घरं वर, खालचा तीन घरं खाली, दोघेही सहा घरं लांब. तिने एस दाबलं. दोघे तिरके आत आले. सरांनी डोळे मिटून घेतले, गणित त्यांनीच फळ्यावर सिद्ध केलेलं असूनही. तिने पुन्हा एस दाबलं. सुमेधाबाई पुढे वाकल्या. तिसऱ्या एसला दोघं एका घरात आले आणि ढीग झाले, तिच्यापासून तीन घरांवर. मागचा आता तिच्याच ओळीत होता. तो सरळ चालत आला, पाच वेळा तिने जागच्या जागी एस दाबलं, आणि सहाव्यांदा तो त्या ढिगावर आपटला. पडदा मोकळा झाला.

"वा," साहेब म्हणाले. मग त्यांनी डायरी सरळ केली. "खेळ उत्तम. पण बटणाचं काय? मला काहीतरी लिहावं लागेल. मास्तर, इथे बसून खाता-पिता का काही?"

श्याम सरांनी मान खाली घातली. "चुरमुरे खातो कधी कधी," ते म्हणाले. "माझंच काहीतरी पडलं असेल. चूक माझी आहे."

साहेब लिहू लागले. शिक्षकाकडून हेळसांड, एवढं त्यांनी मोठ्याने उच्चारलं.

मथुरेने सरांकडे बघितलं. इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस खरंच समजत होता की आपल्या चुरमुऱ्याने घात केला. तिने गप्प राहायचं म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. उलट तिचंच नाव झालं असतं, यंत्र बिघडलेलं असताना शिपाईण जिंकली म्हणून. गुरुवार दोन दिवसांवर होता. हे सगळं तिच्या मनात आलं, आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण सरांची खाली घातलेली मान तिला बघवेना.

"साहेब, लिवू नका ते," ती म्हणाली. "तो चुरमुरा नाय. अक्षता हाय. मी टाकलेली."

तिने केसांतला आकडा काढला. सरांनी वहीत बघून बटणाचं टोपण कसं काढायचं ते सांगितलं, तिने ते अलगद उचकटलं आणि खालून आकड्याच्या टोकाने एक लाल दाणा बाहेर काढून तळहातावर ठेवला. टोपण बसवलं. सरांनी टी दाबलं आणि पडद्यावरच्या बारक्या माणसाने टुणकन उडी मारली.

"यंत्राची पूजा केलीत?" साहेबांनी विचारलं.

"दसरा होता."

"यंत्राला कशाला हव्यात अक्षता?"

"तुमच्या जीपला हार हाय, साहेब," मथुरा म्हणाली. उद्धटपणाने नाही, जे दिसलं ते सांगितलं.

साहेबांनी खिडकीच्या बंद काचेतून खाली बघितलं. मग आधी लिहिलेली ओळ खोडली आणि लिहिलं, यंत्र चालू स्थितीत, वापर चांगला. जाताना मात्र दारात थांबून ते सुमेधाबाईंना म्हणाले, "हलगर्जी ती हलगर्जीच. त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा."

"बघते," सुमेधाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी साडेपाचची घंटा मथुरेने साडेपाचलाच दिली. सर खोलीत आले नाहीत, तिच्या स्टुलाशी येऊन उभे राहिले. त्यांनी चुरमुऱ्यांचा कागद तिच्यापुढे धरला. दोघांनी तिथेच, दाराबाहेर, ते संपवले. जागा गेली असं तिने मनाशी धरलं होतं आणि ते तिला लागलं होतं. बुधवारी तिने कोंबड्यांना कण्या टाकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा खुराडं लावायला विसरली.

गुरुवारी खेडचा माणूस आधी आत गेला. पांढरी पँट, हातात प्लास्टिकची फाइल. अर्ध्या तासाने हसत बाहेर आला. मग आतून हाक आली.

मथुरा आत जाऊन टेबलापुढे उभी राहिली. या टेबलापुढे ती नऊ वर्षं रोज दहा वेळा उभी राहत आली होती. समोर दोन खुर्च्या होत्या. एक त्या माणसाने उठताना वाकडी ठेवली होती, ती तिने सवयीने सरळ केली.

"मी त्या गृहस्थाला एक प्रश्न विचारला," सुमेधाबाई म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्या हातून यंत्र बिघडलं तर काय कराल? तो म्हणाला, माझ्या हातून बिघडणारच नाही."

सुमेधाबाईंनी खेडचा अर्ज बाजूला ठेवला.

"तोच प्रश्न तुम्हालाही विचारणार होते. पण तुमचं उत्तर मी मंगळवारी ऐकलं आहे." त्यांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढला आणि टेबलावर फिरवून तिच्याकडे केला. "संस्थेशी काय बोलायचं ते मी काल बोलले. सोमवारपासून घंटा दुसरं कुणी देईल. अक्षतांचं मात्र लक्षात ठेवा."

"व्हय, बाई," मथुरा म्हणाली. तिने कागद वाचला, दोनदा, सावकाश. परिचर या शब्दाशी ती जरा थांबली. मग सुमेधाबाईंनी पुढे केलेलं पेन घेतलं आणि सही करायला नेहमीसारखी टेबलावर वाकली.

"उभ्याने नको," सुमेधाबाई म्हणाल्या. "बसा."

मथुरेने एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा बाईंकडे. मग ती बसली आणि तिने सही केली.